माउंटन व्ह्यूचं कॉम्प्युटर हिस्ट्री म्युझियम: आई-बाबांना घेऊन गेले त्याचा लांबलचक रिव्ह्यू

आधीच सांगते, रिव्ह्यू मोठा आहे. ज्यांना घाई आहे त्यांनी एवढंच वाचा: जा, पण आयबीएम १४०१ या जुन्या, अजून चालणाऱ्या कॉम्प्युटरचा डेमो असेल त्याच दिवशी जा, वेबसाइटवर वेळ बघून निघा आणि निदान चार तास हातात ठेवा. बाकीच्यांनी चहा घेऊन बसा.

पुण्यात जन्म काढून पर्वती न चढलेली माणसं असतात ना, तसं माझं या म्युझियमचं झालं होतं. इथे कॅलिफोर्नियात सनीवेलला राहून नऊ वर्षं झाली, १०१ हायवेवरून जाता-येता शोरलाइनचा एक्झिट रोज दिसतो, पण आत पाऊल म्हणून टाकलं नव्हतं. आई-बाबा सहा महिन्यांसाठी आलेत, गोल्डन गेट झाला, स्टॅनफर्ड झालं, कॉस्टकोला तर चार वेळा जाऊन झालं आणि खरं सांगायचं तर दोघांना तेच सगळ्यात जास्त आवडलं, मग आता काय दाखवायचं राहिलं म्हणून एका शनिवारी इकडे. नवरा म्हणाला जुने कॉम्प्युटर बघायला पैसे कशाला भरायचे, आपल्या गराजमध्ये तीन पडलेत. तो आला नाही. त्याचंच नुकसान.

आता घरची थोडी माहिती द्यायलाच लागणार, नाहीतर पुढचं कळायचं नाही. आई लग्नाच्या आधीपासून फोर्टातल्या एका मोठ्या ऑफिसात पंच ऑपरेटर होती, म्हणजे कॉम्प्युटरला माहिती द्यायच्या कार्डांवर भोकं पाडणारी, १९७३ ला लागली आणि माझ्या वेळी सोडली. बाबा बँकेत, आणि युनियनचे कट्टर. ऐंशीच्या दशकात बँकांमध्ये कॉम्प्युटर येणार म्हटल्यावर गेटवर उभं राहून ज्यांनी घोषणा दिल्या त्यांच्यात आमचे बाबा पुढच्या रांगेत. म्हणजे एकीने कॉम्प्युटरला आठ वर्षं भरवलं, दुसऱ्याने त्याला दारातच अडवलं, आणि दोघांची मुलगी सॉफ्टवेअर टेस्टिंग करून पोट भरते.

इमारत प्रशस्त आहे, पांढरी, काचेची. मूळची सिलिकॉन ग्राफिक्सची, कंपनीचे दिवस फिरल्यावर म्युझियमने घेतली, २००३ पासून लोकांना खुली आहे. मेन प्रदर्शन २०११ चं, त्यात दोन हजार वर्षांचा हिशेब मांडलाय, म्हणजे मण्यांच्या पाटीपासून सुरुवात. इथे एक टीप, पहिल्या दोन-तीन दालनांत रेंगाळू नका. आम्ही स्लाइड रूल आणि ॲबॅकसपाशीच अर्धा तास घालवला कारण बाबांना प्रत्येक पाटी मोठ्याने वाचायची असते, आणि शेवटी सिलिकॉनच्या दालनात आम्ही पळत होतो.

बॅबेज, म्हणजे एकोणिसाव्या शतकातला इंग्रज गणिती, त्याच्याबद्दल आधीच सांगून ठेवते. बऱ्याच जणांच्या जुन्या फोटोंत इथे त्याचं डिफरन्स इंजिन नंबर दोन, म्हणजे चाकांनी आकडेमोड करणारं यंत्र, दिसतं, पाच टनाचं, आठ हजार भागांचं पितळी-लोखंडी प्रकरण. ते आता नाहीये. एका खासगी मालकाकडून उसनं आणलं होतं, २००८ ते २०१६ इथे होतं, नंतर गेलं. दुसरं लंडनच्या सायन्स म्युझियममध्ये आहे. बॅबेजची गोष्ट मात्र बाबांना फारच पटली कारण ती पूर्णपणे सरकारी कंत्राटाची गोष्ट आहे. माणसाने १८२३ च्या सुमारास ब्रिटिश सरकारकडून पैसे घ्यायला सुरुवात केली, कारागिराशी पैशावरून भांडण झालं, सरकारचे सतरा हजार पौंड गेले आणि १८४२ मध्ये सरकारने हात वर केले, मशीन अर्धवटच. मग त्याने पुढे नंबर दोनचं डिझाइन कागदावर केलं, ते कोणी बांधलंच नाही, आणि दीडशे वर्षांनी, १९९१ मध्ये, लंडनवाल्यांनी त्याच ड्रॉइंगवरून बांधून बघितलं तर चाललं की! बाबा म्हणाले, बघ, बिल पास झालं असतं तर राणीच्या काळातच झालं असतं सगळं.

होलेरिथचं मशीन बघायला थांबाच. १८९० ची अमेरिकन जनगणना या माणसाने कार्डांवर केली. आधीच्या जनगणनेची मोजणी सात-आठ वर्षं चालली होती, म्हणजे पुढची जनगणना दाराशी आली तरी आधीचे आकडे निघताहेत. त्याने काय केलं, माणसामागे एक कार्ड, माहितीप्रमाणे भोकं. कार्ड ठेवून वरून दांडा दाबला की स्प्रिंगच्या सुया खाली येणार, जिथे भोक असेल तिथून सुई आरपार जाऊन खालच्या पाऱ्याच्या वाटीत बुडणार, सर्किट पूर्ण होणार, समोरच्या घड्याळासारख्या तबकडीवरचा काटा एक घर पुढे. बस्स एवढंच. पाऱ्याच्या वाट्या! आज एवढ्या पाऱ्यासाठी किती फॉर्म भरायला लागले असते. त्याची कंपनी पुढे दुसऱ्या कंपन्यांत मिसळली आणि १९२४ मध्ये तिचं नाव आयबीएम झालं. आई इथे पहिल्यांदा बोलली. म्हणाली, "आमच्याच घराण्यातला दिसतोय."

मग एनियाक, सुरुवातीचा इलेक्ट्रॉनिक कॉम्प्युटर. १९४६ ला जगाला दाखवलं, फिलाडेल्फियाच्या युनिव्हर्सिटीत बांधलेलं, तीस टन वजन, अठरा हजारांच्या आसपास व्हॅक्यूम ट्यूबा, म्हणजे स्विचचं काम करणाऱ्या काचेच्या नळ्या. आता शाळेच्या पुस्तकात आपण एवढंच वाचतो आणि पाठ करतो. पण त्यामागचा एकर्ट हा पंचविशीतला पोरगा काय चीज होता ते मला परवा कळलं. लोक म्हणत होते एवढ्या ट्यूबा एकत्र लावल्या तर दर दोन मिनिटांनी एक उडेल, मशीन कधी चालणारच नाही. याने काय केलं, ट्यूबांना त्यांच्या कुवतीपेक्षा बऱ्याच कमी जोरावर चालवलं. जसा आपल्याकडे शहाणा ड्रायव्हर जुनी गाडी साठच्या वर नेत नाही. आणि दुसरं म्हणजे उंदीर. उंदीर वायरी कुरतडणार हे याला माहीत होतं, म्हणून बाजारात मिळतील तेवढ्या वायरींचे तुकडे आणून पिंजऱ्यात उंदरांपुढे टाकले आणि ज्या वायरीला उंदरांनी तोंड लावलं नाही ती मशीनला वापरली. मी तिथेच हसत सुटले, कारण कोथरूडला आमच्या पार्किंगमधल्या गाडीची वायरिंग दर पावसाळ्यात उंदीर खातात आणि मेकॅनिक दर वेळी तीच वायर परत टाकतो. एकर्टला पाठवा कोणीतरी.

एनियाकवर गणितं बसवणाऱ्या सहा बायका होत्या, के मॅकनल्टी, बेटी जेनिंग्ज, बेटी स्नायडर, मार्लिन वेस्कॉफ, फ्रान बिलास आणि रूथ लिक्टरमन. तेव्हा प्रोग्रॅम टाइप करायचा नसायचा, केबली उपसून दुसरीकडे खुपसायच्या आणि स्विच फिरवायचे. मॅन्युअल नव्हतं, ड्रॉइंग बघून बघून शिकल्या. जाहीर प्रात्यक्षिकाच्या दिवशी जे गणित चाललं ते या बायकांनी बसवलेलं, आणि त्यांची नावं लोकांना कळायला पुढे चाळीस वर्षं लागली. आईला म्हटलं बघ, ती म्हणाली त्यात नवीन काय, आमच्या ऑफिसच्या रिपोर्टवर कुठे आमची नावं असायची.

बाबांना कोर्टकचेरी म्हटलं की कान टवकारतात, त्यांच्यासाठी इथे ॲटानासॉफ आहे. आयोवाचा प्रोफेसर, १९३७ च्या हिवाळ्यात डोकं चालेना म्हणून गाडी काढून दोनशे मैल लांब दुसऱ्या राज्यातल्या एका ढाब्यावर जाऊन बसला, दारू मागवली आणि तिथे कॉम्प्युटरचे मुख्य मुद्दे सुचले, असं तो स्वतःच सांगायचा. मग क्लिफर्ड बेरी नावाच्या विद्यार्थ्याला घेऊन मशीन बांधलं, युद्ध आलं, सगळं तसंच पडलं. पुढे दोन कंपन्यांचा एनियाकच्या पेटंटवरून खटला उभा राहिला आणि १९७३ मध्ये जज्जाने एनियाकचं पेटंटच रद्द केलं, कारण एकर्टचा जोडीदार मॉकली याने ॲटानासॉफकडे जाऊन ते मशीन आधी बघितलं होतं. पहिला कॉम्प्युटर कोणाचा यावर लोक अजून भांडतात, बर्लिनचा झूझे म्हणेल माझा, त्याचं झेड ३ तर १९४१ चं, टेलिफोनच्या रिलेंवर चालणारं, बॉम्बहल्ल्यात गेलं बिचारं. माझं मत विचाराल तर हे भांडण निरर्थक आहे, पहिला गणपती कोणाचा या पुणेरी भांडणासारखं.

सेजचा कन्सोल चुकवू नका, शीतयुद्धातली विमानं पकडायची अमेरिकन हवाईदलाची सिस्टिम, आणि त्या कन्सोलमध्ये बिल्ट-इन ॲशट्रे आणि लायटर आहे. आकाशातून रशियन बॉम्बर येतोय आणि हा सिगरेट पेटवतोय.

आणि किचन कॉम्प्युटर. मी तुम्हाला हात जोडून सांगते, हा बघाच. हनीवेलचा, १९६९ चा, एका महागड्या दुकानाच्या कॅटलॉगात विकायला ठेवलेला, किंमत दहा हजार सहाशे डॉलर. लाल-पांढरा, लांबट पाटासारखा, पुढे भाज्या चिरायला जागा. रेसिपी साठवणार म्हणे. पण त्याला कीबोर्ड नाही, स्क्रीन नाही, नुसते खटके आणि दिवे, आणि बाईने आधी दोन आठवड्यांचा कोर्स करून बायनरीत शिकायचं की आज दुपारी काय करू. एकही विकला गेल्याची नोंद नाही. आई पाच मिनिटं त्याच्यासमोर उभी. मग म्हणाली, "ज्याने बनवला त्याने कधी साधा कुकर तरी लावला असेल का गं?"

रॅमॅकपाशी मी स्वतः सगळ्यात जास्त वेळ थांबले. ही जगातली पहिली हार्ड डिस्क, १९५६, आणि बनली इथेच सॅन होजेत, माझ्या ऑफिसपासून वीस मिनिटांवर. दोन-दोन फूट व्यासाच्या पन्नास तबकड्या एकावर एक, गोदरेजच्या कपाटाएवढं धूड, वजन टनाच्या वर, आणि मावणार किती तर पन्नास लाख अक्षरं. आज व्हॉट्सॲपवर येणारा गुड मॉर्निंगचा एक व्हिडिओ त्यात बसणार नाही. हे ज्याच्या हाताखाली झालं तो रेनॉल्ड जॉन्सन मूळचा शाळामास्तर. पोरांचे पेपर तपासून वैतागला आणि पेन्सिलीची खूण विजेने ओळखणारं मशीन बनवलं, कारण पेन्सिलीच्या शिशातून वीज वाहते. आयबीएमने ते विकत घेतलं आणि मास्तरांनाही नोकरीला ठेवलं. आपण एमपीएससीला गोल काळे करतो ना, त्याचं खापर पणजोबा म्हणून याच्यावर फोडायला हरकत नाही.

तर या मास्तरांच्या माणसांपुढे प्रश्न असा की तबकडीवर लोखंडाच्या गंजाचा रंग एकसारखा पातळ बसवायचा कसा. ब्रशने होईना, स्प्रेने होईना. शेवटी रंग बायकांच्या स्टॉकिंगमधून गाळला, साध्या कागदी कपात घेतला आणि फिरत्या तबकडीच्या मध्यावर ओतला, तो आपोआप बाहेरपर्यंत पसरला. ताकासारखा गाळून! मी हे वाचलं आणि माझ्या डोक्यात एकदम काहीतरी बसलं. आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना हार्डवेअर म्हणजे क्लाउडच्या बिलावरचा एक आकडा असतो, आणि हार्डवेअरचे जनक म्हणजे फळ्यापुढे उभे असलेले टाय घातलेले प्रोफेसर. इथे दिसतात ते वेगळेच लोक. उंदीर पाळणारे, मोजे फाडणारे, पाऱ्याच्या वाट्या भरणारे. मेमरीचे मणी बसवणारा जे फॉरेस्टर तर नेब्रास्कात गुरांच्या रँचवर वाढलेला, शाळेत असतानाच पवनचक्की करून घरात वीज आणलेला. हे सगळे हातात पाना धरणारे लोक होते, आपल्या भाषेत जुगाडू म्हणा, पण गणित पक्कं असलेले जुगाडू.

ते मणी म्हणजे कोअर मेमरी. बारीक बारीक काळ्या रिंगा, तांब्याच्या तारांच्या जाळीत प्रत्येक चौफुलीवर एक रिंग, एक रिंग म्हणजे एक बिट. १४०१ च्या चार हजार अक्षरांच्या मेमरीत अशा बत्तीस हजार रिंगा. सुरुवातीला बायका सूक्ष्मदर्शकाखाली हाताने ओवायच्या. भिंग लावलंय तिथे, त्यातून बघा. आई म्हणाली काळी पोतच आहे ही. आणि जाता जाता, मुंबईत टीआयएफआरमध्ये (टाटांची मूलभूत संशोधन संस्था) १९६० साली बांधून पूर्ण झालेल्या टिफ्रॅक या कॉम्प्युटरलाही असलीच कोअर मेमरी होती, २०४८ शब्दांची. आर. नरसिंहन आणि त्यांच्या टीमने कुलाब्यात बसून, परदेशात तयार मशीन विकत न घेता स्वतः बांधलं. आपल्या पोरांना एनियाक माहीत असतं, टिफ्रॅक नसतं, हा माझा जुना राग आहे, तो इथे काढून घेते.

आता मुख्य गोष्ट, १४०१ ची लॅब. वेगळी खोली आहे, डेमो ठरलेल्या वेळीच असतो. आत शिरल्या शिरल्या आधी गरम हवा आणि तेलाचा वास, मग आवाज. १४०१ हे आयबीएमचं १९५९ चं मशीन, ट्रान्झिस्टरवर चालणारं, भाडं महिन्याला अडीच हजार डॉलरपासून पुढे, म्हणजे तेव्हाच्या मानाने स्वस्त. बारा हजारांच्या आसपास बनली. मोठमोठ्या शास्त्रज्ञांसाठी नव्हे, पगारपत्रकं आणि बिलं काढणाऱ्यांसाठी. इथे अशी दोन चालू स्थितीत आहेत, एक जर्मनीतून आणलेलं, एक कनेक्टिकटहून, आणि निवृत्त इंजिनिअरांनी वर्षानुवर्षं राबून जिवंत केलेली. डेमो देणारे आजोबा ऐंशीच्या घरातले असावेत. त्यांनी कार्डांचा गठ्ठा रीडरवर ठेवला, बटण दाबलं, आणि धडधडधड करत मिनिटाला आठशेच्या वेगाने कार्डं आत जायला लागली. मग प्रिंटर. साखळीवर अक्षरं गरगर फिरताहेत, मागून १३२ हातोड्या आपापल्या अक्षराची वेळ साधून कागदावर आपटताहेत, मिनिटाला सहाशे ओळी. लहान मुलांनी कान झाकले. माझा पोरगा, जो सकाळपासून कंटाळलो कंटाळलो करत होता, तो तिथून हलेना.

आजोबांनी विचारलं, इथे कोणी या मशीनवर काम केलंय का. आई गप्प. मी कोपर मारलं तरी गप्प. बाबांनीच मराठीत मोठ्याने, "अगं हात वर कर ना!" मग तिने शाळेतल्यासारखा अर्धा हात वर केला. कुठल्या मशीनवर विचारलं तर ती म्हणाली पंचिंग अँड व्हेरिफाइंग, बॉम्बे. ते खूश. तिला ओळीतून पुढे घेऊन थेट ०२६ च्या खुर्चीत बसवलं.

हे ०२६ म्हणजे कार्डावर भोकं पाडायचं टेबल, १९४९ चं मॉडेल. यात आकड्यांची वेगळी रांग नसते, उजव्या हाताखालच्या अक्षरांवरच आकडे असतात, मशीन आकड्यांवर लावलं की तीच अक्षरं आकडे होतात, म्हणजे डावा हात मोकळा, त्याने कागद सरकवायचे. हे मला आईने सांगितलं, पाटीवर वाचलेलं नाही. तिने चष्मा वर केला, साडीचा पदर खोचला (हो, म्युझियमला साडीच नेसून आली होती, स्नीकर्सवर) आणि कळांवर बोटं ठेवली. पहिलं कार्ड बिघडलं. एक अक्षर चुकलं. आता बॅकस्पेस नाही, भोक पडलं की पडलं. तिने एका बोटाने कार्ड सोडून दिलं, नवीन आलं, आणि मग जे खटखटखटखट सुरू झालं ते मी आयुष्यात कधी बघितलं नव्हतं. ती खाली बघतच नव्हती. सत्तरी ओलांडलेली बाई, जिला आयपॅडचा पासवर्ड टाकताना मी तीनदा मदत करते.

कार्ड काढून बघितलं तर वरच्या कडेला नाव छापलेलं. माहेरचं. बाबा म्हणाले हे काय, तर ती म्हणाली नोकरीला याच नावाने लागले होते.

मग व्हेरिफायरचं सांगायला लागली. एका मुलीने पंच केलेली कार्डं दुसरी मुलगी त्याच कागदावरून पुन्हा संपूर्ण टाइप करायची, भोकं न पाडता. दोघींचं जुळलं तर कार्डाच्या उजव्या कडेला खाच पडायची, जुळलं नाही तर मशीन अडायचं, लाल दिवा. म्हणजे प्रत्येक आकडा दोनदा, दोन वेगळ्या माणसांकडून. मी टेस्टिंगमध्ये पंधरा वर्षं काढली आणि आईने काय काम केलं हे मला तेव्हा कळलं. गठ्ठ्याच्या वरच्या कडेवर पेनाने तिरकी रेघ मारून ठेवायचो, म्हणाली, गठ्ठा हातातून पडला तर रेघ बघून परत लावता येतो. हे मी भाषांतर करून सांगितल्यावर आजोबांनी न बोलता शेल्फवरचा एक जुना गठ्ठा काढून दाखवला. त्यावर तिरकी रेघ.

घरी आमच्याकडे कितीतरी वर्षं वाण्याची यादी असल्या रद्दी कार्डांच्या मागे लिहिली जायची, ते एकदम आठवलं. जाड कागद, भोकांतून पलीकडचं दिसायचं, आणि दोन किलो रवा नेमका भोकावर आला की वाचायचे वांदे.

बाबांनी मध्येच विषय काढला की आयबीएम १९७८ ला भारतातून गेली ती तेव्हाचे उद्योगमंत्री जॉर्ज फर्नांडिसांमुळे, आणि बरं झालं गेली. जॉर्ज म्हणजे बाबांचं दैवत, मुंबईच्या टॅक्सीवाल्यांपासूनचं. आई मशीनकडे बघत म्हणाली, तुमच्या जॉर्जमुळे आमच्या मशीनचे स्पेअर पार्ट मिळायचे बंद झाले होते, आठवतंय का? आठवत नव्हतं. त्यानंतर बाबा थोडा वेळ पाट्या मनातल्या मनात वाचत होते.

जेवणाचा एक कडू अनुभव, म्युझियमचा नाही, बाहेरचा. मध्ये भूक लागली म्हणून आम्ही गाडी काढून जवळच्याच एका देशी हॉटेलात गेलो (नाव घेत नाही), पाऊण तासाने थंड इडल्या आल्या आणि सांबार मागितलं तर वेगळे पैसे. त्यात दीड तास गेला. शहाणे असाल तर डबा गाडीत ठेवा किंवा आधी जेवून जा.

परत येऊन क्रे-१. सेमूर क्रेचं, १९७६ चं. हा सुपरकॉम्प्युटर दिसायला हॉटेलच्या लॉबीतल्या गोल सोफ्यासारखा आहे, खरंच, खाली गादीचं बाकडं आहे, त्यात पॉवर सप्लाय लपवलेत. वरून बघितलं तर इंग्रजी सी. शोभेसाठी नाही, आतल्या वायरी आखूड राहाव्यात म्हणून, कारण त्या वेगाला वायर चार फुटांच्या वर गेली तर सिग्नल उशिरा पोचतो. मागून बघा, वायरींचं जंगल आहे, सगळं हाताने जोडलेलं. पाच-साडेपाच टन, फ्रिजमध्ये असतो तो गॅस खेळवून थंड ठेवायचं. आणि पुणेकराला क्रेसमोर उभं केलं की आपला परम सुपरकॉम्प्युटर आठवणारच. ऐंशीच्या दशकात भारताला क्रेचंच पुढचं मॉडेल हवं होतं, अमेरिकेने नाही म्हटलं, नंतर हवामानाच्या कामापुरतं धाकटं मॉडेल दिलं. मग १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक ही सरकारी संशोधन संस्था निघाली, अकोल्याकडचे विजय भटकर तिचे प्रमुख, आणि १९९१ मध्ये परम ८००० उभा केला, ट्रान्सप्युटर नावाच्या चिपा एकमेकींना जोडून. क्रे एका अजस्र बैलाने नांगरायचा, आपण बैलं लहान घेतली पण जोड्या लावल्या. बाबांनी हे शेजारच्या एका अमेरिकन कुटुंबाला इंग्रजीतून सांगितलं, त्यांनी ऐकून घेतलं, भले लोक.

सिलिकॉनचं दालन आम्ही धावत केलं, ही आमची चूक. थोडक्यात, ट्रान्झिस्टर शोधणाऱ्या तिघांतला शॉकली १९५६ मध्ये माउंटन व्ह्यूतच सॅन अँटोनियो रोडवर लॅब टाकून बसला, त्याच वर्षी नोबेल मिळालं, आणि स्वभाव असा की पुढच्याच वर्षी आठ जण सोडून गेले. त्या आठांत नॉइस आणि मूर. पुढे त्यांचंच इंटेल. म्हणजे ही अख्खी व्हॅली एका वाईट साहेबामुळे वसली असं मी ऑफिसात सांगत असते. १९७१ ची ४००४ चिप नखाएवढी, २३०० ट्रान्झिस्टर, आणि फेडेरिको फॅगिनने तिच्या कोपऱ्यात स्वतःची आद्याक्षरं कोरून ठेवलीत, चित्रकार सही करतो तशी. पेंटियमवाले विनोद धाम जन्माने पुण्याचे, हे बाबांना सांगितल्यावर त्यांचा मूड परत आला. ॲपल वन, म्हणजे वॉझनियाकने बनवलेला उघडा बोर्ड, किंमत ६६६ डॉलर ६६ सेंट, त्याच्यासमोर फोटो काढायला गर्दी असते. मला विशेष काही वाटलं नाही. त्यापेक्षा गुगलचा सुरुवातीचा सर्व्हर रॅक बघा, मदरबोर्डांखाली चक्क बुचाचं लाकूड घातलंय.

रेटिंग पाचपैकी साडेचार. अर्धा मार्क माझ्या गुडघ्यांनी कापला, त्यात म्युझियमचा दोष नाही. पाच-सहा वर्षांच्या मुलांना बटणं दाबायला फार काही मिळेल या अपेक्षेने नेऊ नका, नऊ-दहाच्या पुढचं पोरगं असेल तर रमेल. म्हातारी माणसं बरोबर असतील तर १४०१ आधी उरका, बाकी सगळं नंतर. पीडीपी-१ या आणखी एका जुन्या कॉम्प्युटरचा डेमो वेगळा असतो, त्यावर १९६२ चा स्पेसवॉर गेम खेळता येतो म्हणे, त्यासाठी पोरगा परत चल म्हणून मागे लागलाय आणि आता नवरापण तयार झालाय.

बाबाही तयार आहेत. आईला विचारलं तर ती कोथिंबीर निवडत होती. म्हणाली, तुम्ही जाऊन या, शनिवारचं ऑफिसात कोण जाणार परत.